वास नसलेली राणी

पार्बताबाई भानारकर यांच्याविषयी आमच्या दैनिकात तीन बातम्या छापून आल्या. तिन्ही मी लिहिल्या होत्या आणि तिन्ही चुकीच्या होत्या. पहिलीत माझं अज्ञान होतं, दुसरीत मी फसलो होतो आणि तिसरी मला सरकारी कार्यालयाने तयार करून दिली होती. एकाही बातमीबद्दल वाचकांची तक्रार आली नाही.

वडशाहून आत जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सागाच्या रोपवाटिकेला लागून मधमाशी केंद्र आहे. ते कोणत्या खात्याचं हे इथे महत्त्वाचं नाही. केंद्रात तीन मंजूर पदं होती: एक अधिकारी, एक बाबू, एक चौकीदार. पार्बताबाई चौथ्या. त्या मंजूर नव्हत्या. रोजंदारीवर होत्या आणि हुद्दा 'मदतनीस' असा होता. मदत कोणाला करायची हे आदेशात लिहिलेलं नव्हतं. व्यवहारात असं होतं की माश्यांची सगळी कामं त्या करत आणि अहवालावर सह्या करून उरलेले तिघे त्यांना मदत करत. त्यांना कायम करावं असा प्रस्ताव दरवर्षी वर जात असे आणि दरवर्षी एक त्रुटी काढून खाली येत असे. एका वर्षी त्यांच्या शाळेच्या दाखल्याची प्रत जोडली नव्हती. त्या शाळेत गेल्याच नव्हत्या.

मी पहिल्यांदा गेलो तो महिला दिनाच्या पुरवणीसाठी. दर मार्चमध्ये आम्हाला जिल्ह्यातून एक वेगळं काम करणारी बाई लागते. आदल्या वर्षी ट्रॅक्टर चालवणारी झाली होती. केंद्राचे बाबू, गेडाम नावाचे गृहस्थ, मला मागच्या पेट्यांकडे घेऊन गेले. पन्नाशीच्या, सडसडीत, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेल्या बाई एका पेटीवर वाकून आत कान लावून बसल्या होत्या. आम्ही दहा पावलांवर आलो तसा त्यांनी हात वर केला. मला वाटलं, नमस्कार. तो थांबण्याचा इशारा होता.

"काय काय लावून आले, भाऊ?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. डोक्याला तेल, गालाला दाढीनंतरचं पाणी, अंगाला पावडर. गाडीवरून यायचं म्हणून थोडं सेंट.

"तळ्यावर जा. आंग धुवा. साबण नोका लावू."

मी तळ्याची माती लावून अंग धुतलं. शर्ट त्यांनी घालू दिला नाही, कारण सेंट शर्टाला होतं. गेडाम बाबूंनी आपला देऊ केला, तो तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या वासावरून नापास झाला. मग मी तासभर पळसाखाली उघडा बसलो. एका जबाबदार दैनिकाच्या जिल्हा प्रतिनिधीने मुलाखत घेण्याची ती प्रचलित पद्धत नाही. तासाभराने त्या जवळ आल्या, माझ्या खांद्याजवळ नाक नेलं आणि म्हणाल्या, "चालते आता. तोंड बंद ठेवजा."

त्या दिवशी त्यांनी मला जे दाखवलं ते पाहायला पुढे अनेक साहेब आले. बहुतेकांना दिसलं नाही.

सातेरी माश्यांच्या पेटीत राणी एकच असते. ती मेली, म्हातारी झाली किंवा पेटीची वाटणी केली, तर नवी द्यावी लागते. नवी राणी ज्या कोषात वाढते तो दिसायला भुईमुगाच्या शेंगेसारखा. आतली तयार झाली की माश्या त्याच्या टोकाचं मेण कुरतडतात, आतला तपकिरी भाग उघडा पडतो आणि एक-दोन दिवसांत राणी गोल झाकण कापून बाहेर येते. तिचं अजून मीलन झालेलं नसतं, ती अंडी घालत नसते. शिकलेले लोक तिला कुमारी राणी म्हणतात. पार्बताबाई 'कवळी' म्हणत. ही कवळी परक्या पेटीत सोडणं हे त्यांचं कसब होतं. पेटीतल्या माश्या परकी राणी ओळखतात. गोळा करून तिच्याभोवती दाटतात आणि तिला मारतात. पण जन्मल्यापासून काही तासांच्या आत सोडली तर मारत नाहीत. मध्ये तीन दिवस गेले की मारतात.

याचं कारण पुस्तकात दोन परिच्छेदांत दिलेलं आहे. पार्बताबाईंनी ते दोन वाक्यांत सांगितलं. "तिले अजून वास नाई. वास नाई म्हणून वैर नाई."

राणी न्यायला त्या करंगळीएवढी बांबूची नळी वापरत. बाजूला उभी चीर, तोंडाला मेणाचा बोळा. आगपेटीत नेणं सोपं होतं, पण आगपेटीला बारुदाचा वास असतो. नळी कमरेला, लुगड्याच्या घडीत, अंगाच्या उबेत असे. आदल्या दिवसापासून त्या कांदा खात नसत, तेल लावत नसत, घरी मासळीला हात लावत नसत. नवरा तळ्यात जाळी टाकणारा, घर मासळीवर चालणारं, त्यामुळे राणी निघायच्या दिवसांत भानारकरांच्या घरी स्वयंपाक नवरा करी आणि तो गावाच्या करमणुकीचा विषय होता.

मी लिहिलेल्या बातमीचा मथळा 'मधमाश्यांची आई' असा लागला. माश्या त्यांना ओळखतात म्हणून डसत नाहीत, असं मी लिहिलं होतं. वस्तुस्थिती अशी की माश्या त्यांना रोज डसत. त्या मोजत नव्हत्या. बातमी त्यांनी गेडाम बाबूंकडून वाचून घेतली, शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "याच्यात माशी कुठी हाय?"

मी पुढे केंद्रावर जात राहिलो त्याला हे वाक्य कारण झालं. आमच्या संपादकीय बैठकीत इतका नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही.

वास ही पार्बताबाईंची जगाकडे पाहण्याची एकमेव पद्धत होती. माणूस चांगला की वाईट, शिकलेला की अडाणी, यात त्यांना रस नव्हता. येताना स्वतःचा वास घेऊन आला का, एवढंच त्या बघत. गावात नवी ग्रामसेविका आली आणि तिने पहिल्याच दिवशी आधीच्या गावात काय काय केलं ते सांगितलं, तेव्हा पार्बताबाई म्हणाल्या, ही तीन दिवसांची हाय. ग्रामसेविका चार महिन्यांत बदली मागून गेली. वडशाची एक नाटक कंपनी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला नेहमीच्या नटीऐवजी नवी घेऊन आली आणि पहिल्या अंकात लोकांनी गोंधळ घातला, तेव्हाही त्यांचं मत साधं होतं. जुनी गेली हे लोकांना आधी कळू द्यायला हवं होतं. जागा रिकामी दिसली पाहिजे. रिकाम्या जागेत कोणीही चालतं.

केंद्रावर नवा साहेब आला की त्या हेच सूत्र लावत. माझ्या माहितीत सहा आले. आधीच्या साहेबाचा पंखा, कॅलेंडर, पाण्याचा माठ त्या त्याच्या बदलीच्या दिवशीच खोलीतून काढत आणि खोली दोन दिवस उघडी टाकत. नवा आला की त्याची खुर्ची व्हरांड्यात मांडत. मधे जाळीचं दार. आतून गेडाम बाबू आणि चौकीदार त्याला पाहत, बाहेरून तो त्यांना पाही. चहा दुसऱ्या दिवशी. फाइल तिसऱ्या. जे साहेब हे सहन करत ते टिकत. जे पहिल्याच दिवशी दार ढकलून आत येत आणि बैठक घेत, त्यांचं पुढे काय होई ते गेडाम बाबू सांगत. कागद सापडत नसत, जीप चालू होत नसे, माठात पाणी नसे. कोणी काही केलेलं नसे. सगळे फक्त भोवती दाटून उभे राहत.

एकदा परीक्षा देऊन थेट आलेली एक मुलगी साहेब म्हणून रुजू झाली. दारातच म्हणाली, मला यातलं काही येत नाही. पार्बताबाईंनी स्वतः जाळीचं दार उघडलं. गेडाम बाबूंना त्यांनी नंतर सांगितलं, "हे आजच निंगाली." ती मुलगी दोन वर्षं राहिली. केंद्राची तेवढीच बरी वर्षं.

तिच्यानंतर आले ते स्प्रेवाले साहेब. नाव गेडाम बाबूंनी ठेवलं. ते वाईट नव्हते. उत्साही होते, आणि दिवसातून तीनदा काखेत स्प्रे मारत. त्यांनी दार ढकललं नाही, बदलून घेतलं. जाळीच्या जागी काच आली.

आता ज्या प्रकरणासाठी हे लिहितो आहे ते.

केंद्रापासून आठ किलोमीटरवर, मोठ्या तळ्याच्या काठी एक गाव आहे. तिथल्या सात बायकांच्या गटाकडे सात पेट्या होत्या. गटाच्या प्रमुख मंदाबाई, धानाच्या दोन बांध्या म्हणजे दोन खाचरं कसणाऱ्या, बोलायला मोकळ्या. त्या वर्षी साहेबांना चौदा पेट्यांचं लक्ष्य आलं. त्यांनी सात पेट्यांच्या चौदा केल्या. म्हणजे प्रत्येक पेटीतल्या अर्ध्या चौकटी काढून नव्या पेटीत ठेवल्या. माघात फुलोरा असतो, हे करता येतं. जुनी राणी एका अर्ध्यात राहते आणि दुसऱ्या अर्ध्यातल्या माश्या आपली राणी आपणच वाढवतात. त्यासाठी आदेश लागत नाही.

साहेबांनी आदेश काढला. घरगुती राणी चालणार नाही, खात्याची प्रमाणित राणीच द्यायची, म्हणून नव्या पेट्यांत माश्यांनी बांधलेली राणीघरं, म्हणजे ते शेंगेसारखे कोष, मोडावीत. बायकांनी मोडली. माश्यांनी पुन्हा बांधली. आदेशाचं स्मरणपत्र आलं. बायकांनी पुन्हा मोडली. आता पेटीत राणी वाढवण्याजोगी कोवळी अळी एकही उरली नाही. सात पेट्या बाहेरच्या राणीवर अवलंबून राहिल्या. तीही लवकर हवी होती, कारण राणीवाचून फार दिवस गेले की कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात, त्यांतून नुसते नर निपजतात, आणि नर काही काम करत नाहीत. पेटी खात खात संपते. अशी पेटी म्हणजे गटाच्या बायकांची दोन वर्षांची मेहनत. मंदाबाई तिला 'आमचं लेकरू' म्हणत. लोक बातमीदारासमोर अशी वाक्यं बोलतात. पण हे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, पेटीशी बोलत होत्या.

पार्बताबाईंचं म्हणणं होतं की तयार राणीघरंच द्यावीत. चौकटीला मेणाने चिकटवायची, राणी त्याच घरात जन्मते, वासाचा प्रश्न येत नाही. साहेबांना ते पटलं, पण राणीघर दिसायला शेंगेसारखं. प्रमुख पाहुण्यांच्या हातात शेंग देता येत नाही. फोटोत काय दिसणार? म्हणून ठरलं की पारदर्शक डब्यांत जिवंत राण्या, डबीला सोनेरी फीत, आणि 'राणी वाटप सोहळा'. मंगळवारी सकाळी अकरा वाजता. पार्बताबाईंनी उलट दिवस मोजून त्याप्रमाणे राणीघरं लावली, की मंगळवारी पहाटे राण्या निघाव्यात आणि दिवस मावळायच्या आत सातही पेट्यांत जाव्यात. सोहळ्याला त्यांचा विरोध नव्हता. अकरा ते बारा माणसांचं, नंतर माशीचं, असा त्यांचा हिशोब होता.

सोमवारी संध्याकाळी निरोप आला. पाहुणे शुक्रवारी येतील.

पुढचं संभाषण गेडाम बाबूंकडून. त्यांच्या सांगण्यात थोडी भर असते, पण या वेळी चौकीदारानेही तेच सांगितलं. साहेब म्हणाले, राण्या शुक्रवारपर्यंत डबीत ठेवा, साखर द्या.

"ठेवतो," पार्बताबाई म्हणाल्या. "पण मंग घरात घेणार नाई त्याइले. वास येते तीन दिवसांत."

साहेबांनी नकळत स्वतःच्या बाहीचा वास घेतला. मग म्हणाले, "कार्यक्रम कोणाचा आहे, बाई? राणीचा की पाहुण्यांचा?"

"पाहुण्याचाच हाय, साहेब. पण पाहुणा शुक्रवारी निंगते, राणी उद्याच निंगते."

साहेबांनी त्यांना समजावलं. कायम करण्याचा प्रस्ताव या वेळी त्यांनी स्वतः तपासला आहे, दाखल्याची अट शिथिल करून घेतली आहे, पाहुण्यांची त्यावर शिफारस घ्यायची आहे, तीही याच कार्यक्रमात. अशा वेळी अडून बसू नये. पार्बताबाईंनी काचेच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं, साहेब."

गेडाम बाबू म्हणतात, तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे होतं. अठरा वर्षांत बाई कोणालाच 'बरं, साहेब' म्हणाली नव्हती.

जाताना त्यांनी मंगळवारची सुट्टी मागितली. अर्ज गेडाम बाबूंनीच लिहिला. कारणाच्या रकान्यात त्यांनी सांगितल्याप्रमाणे 'घरी पाहुणे' असं लिहिलं.

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास पार्बताबाई काळीपिवळीतून तळ्याच्या गावात उतरल्या. कमरेला सात नळ्या. मंदाबाईंची पेटी त्यांनी पहिली घेतली. राणी नसलेली पेटी लांबूनच ओळखू येते. माश्यांचा आवाज एकसारखा राहत नाही, उठतो आणि पडतो, मर्तिकाच्या घरासारखा. पार्बताबाईंनी झाकण काढलं. गोवरीचा जरासा धूर दिला. त्याच पेटीतल्या मधाचा थेंब काडीने नळीत लावला, म्हणजे राणी चिकट झाली. मग नळीचं मेण काढून ती चौकटींच्या माथ्यावर आडवी ठेवली आणि हात मागे घेतला.

राणी बाहेर आली, असं मंदाबाई सांगतात, आणि जन्मून तीन-चार तास झालेलं कोणीही चालेल तशी चालली, म्हणजे वाकडीतिकडी. दोन माश्या आल्या. मग पाच. इथे काय होईल ते कोणालाच सांगता येत नाही. माश्यांनी पाय ओढायला सुरुवात केली तर गोळा होणार. तसं झालं तर सगळा गोळा पाण्यात टाकायचा आणि राणी वाचते का पाहायचं. मंदाबाईंच्या हातात त्यासाठी पाण्याने भरलेला गंज, म्हणजे पातेलं, होता. माश्यांनी मध चाटायला सुरुवात केली. एकीने राणीच्या तोंडाला तोंड लावलं. राणी चौकटींच्या फटीतून खाली उतरली.

मंदाबाईंनी विचारलं, "झालं का, बाई?"

"आवाज आइक," पार्बताबाई म्हणाल्या.

आवाज खाली बसत होता. मंदाबाईंचं म्हणणं, पाण्याचा गंज हातातून खाली ठेवायचं त्यांना थेट दुपारी आठवलं.

दुपारी तीनपर्यंत सातही पेट्या झाल्या. निघताना पार्बताबाईंनी सगळ्यांना ओसरीवर बसवून सांगितलं की शुक्रवारी कार्यक्रमात डबी मिळेल ती दोन्ही हातांनी घ्यायची, पाहुण्याकडे पाहून हसायचं आणि घरी येऊन डबी उघडून द्यायची. डबीत काय असेल ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

शुक्रवारी मी हजर होतो. पाहुणे अकराऐवजी दीड वाजता आले. टेबलावर सात डब्या, सोनेरी फिती. साहेबांनी त्या सकाळी स्वतः मोजल्या होत्या, सात भरल्या. प्रत्येक डबीत एक काळसर, जाडजूड, मोठ्या डोळ्यांची माशी बसली होती. कामकरी माशीपेक्षा ती डोळ्यांत भरण्याइतकी मोठी होती. कोणीही म्हटलं असतं, राणी. मी म्हटलं. साहेबांनीही म्हटलं. त्यांनी माश्यांवर दोन प्रशिक्षणं घेतली होती, दोन्ही बंद खोलीत.

पाहुणे डबीला हात लावायला तयार नव्हते. डसेल का, असं त्यांनी हळूच विचारलं. पार्बताबाई मागे उभ्या होत्या.

"हे डसत नाई, साहेब," त्या म्हणाल्या. "याले डंखच नाई."

पाहुण्यांचा चेहरा खुलला. त्यांनी डबी तळहातावर घेतली, उंच धरली आणि आतल्या माशीने भुर्रकन आवाज केला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किती रुबाबदार आहे, असं ते म्हणाले. भाषणात त्यांनी महिलांना राणीमाशीचा आदर्श ठेवायला सांगितला. ती दिवसभर राबते, मिरवत नाही, कोणाच्या जिवावर बसून खात नाही. मंदाबाई पहिल्या रांगेत होत्या. त्या मान खाली घालून हसल्या. मी वहीत 'भावुक झाल्या' असं टिपलं. आमच्या झाडीपट्टीत थंडीभर नाटकं चालतात आणि लोक चांगला-वाईट नट एका प्रवेशात ओळखतात. त्या दिवशी सात बायकांनी जे काम केलं त्याला कोणत्याही मंडईत बक्षीस मिळालं असतं.

शिफारशीवर सही झाली. माझी बातमी तीन कॉलम लागली. फोटो मोठा होता, पाहुण्यांच्या तळहातावरची माशी स्पष्ट दिसत होती. त्याखालची ओळ अशी: 'सुधारित राणीमाशीचे वाटप करताना मान्यवर.'

तोच फोटो पुढे खात्याच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला. घात तिथे झाला. कुठल्याशा शहरातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी, ज्यांना असे अहवाल अजून पोस्टाने जातात, मुख्यालयाला एक ओळीचं पत्र पाठवलं. मुखपृष्ठावरील मान्यवरांच्या हातात राणी नसून नर आहे, कृपया नोंद घ्यावी.

मुख्यालयाने नोंद घेतली. तिघांची समिती आली. तिघांपैकी कोणी पेटी उघडलेली नव्हती, त्यामुळे ते निःपक्ष होते. चौकशी काचेच्या दाराच्या आत झाली. गेडाम बाबू लिहून घेत होते, म्हणून पुढचं शब्दशः आहे.

समितीने अहवालाचं मुखपृष्ठ पुढे ठेवून विचारलं, "हे काय आहे?"

"नर हाय, साहेब."

"राणीच्या डबीत नर कसा आला?"

"मी टाकला."

"सातही डब्यांत?"

"सातही."

"राण्या असताना नर का दिले?"

पार्बताबाई म्हणाल्या, "राण्या कामावर होत्या, साहेब. रिकामे तेवढेच होते."

गेडाम बाबूंनी लिहिणं थांबवलं. समितीच्या एका सदस्याला खोकला आला. अध्यक्षांनी तो शेरा कामकाजातून वगळण्याची सूचना केली. गेडाम बाबूंनी वगळला आणि मला सांगितला.

समितीने गावात जाऊन पेट्या पाहिल्या. सातपैकी पाच पेट्यांत राण्या होत्या आणि अंडी घालत होत्या. एक राणी मीलनासाठी उडाली ती परत आली नाही. तारेवर वेडे राघू बसतात आणि ते मधमाश्या टिपतात, हे गावाने समितीला सांगितलं. एका पेटीतली राणी पेटीने मारली. पार्बताबाईंनी ते स्वतःच सांगितलं: ती राणी शेवटची होती, ऊन चढलं होतं, माझ्या हाताला घाम होता. समितीला हे उत्तर लिहून घ्यायला अवघड गेलं. अहवालात 'अपयशाचे कारण: घाम' असं लिहिता येत नाही.

निष्कर्ष दोन निघाले. पहिला, राणी वाटप सोहळा यशस्वी झाला आणि पाच पेट्या कार्यान्वित झाल्या, याबद्दल अधिकाऱ्यांचं अभिनंदन. दुसरा, सोहळ्यापूर्वीच परवानगी न घेता राण्या दिल्या गेल्या, ही गंभीर अनियमितता असून संबंधित रोजंदारी मदतनीसास कामावरून कमी करावं. दोन्ही निष्कर्ष एकाच पानावर होते आणि दोन्हींच्या मध्ये फक्त एक आडवी रेघ होती.

माझी तिसरी बातमी ही. 'राणी वाटपातील अनियमितता, कर्मचारी कमी.' चार ओळी. मजकूर कार्यालयाचा, मथळा माझा. तोपर्यंत मला सगळं माहीत होतं. मी संपादकांना फोटोची दुरुस्ती छापू या म्हटलं. ते म्हणाले, मान्यवरांच्या हातात नर होता असं छापायचं? मुद्दा त्यांच्या बाजूने योग्य होता. दुरुस्ती छापली नाही.

आदेश आला त्या दिवशी पार्बताबाईंनी सही म्हणून अंगठा दिला आणि नेहमीप्रमाणे साहेबांच्या खोलीबाहेरचा माठ भरला. गेडाम बाबू म्हणाले, बाई, आता काय करता? त्या म्हणाल्या, पेटी नंबर चारमध्ये दोन दिवसांत राणी निघेल, तिच्याकडे बघा. गेडाम बाबूंनी बघितलं. नुसतं बघून राणी वाचत नाही, असं ते सांगतात. पुढच्या वर्षी केंद्रात तीन पेट्या उरल्या. साहेबांची पदोन्नतीवर बदली झाली. जाण्यापूर्वी त्यांनी फाटकाशी सिमेंटची मधमाशी उभी केली. ती माणसाएवढी आहे आणि तिला मुकुट आहे.

पार्बताबाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर दुसऱ्या वर्षी, फाल्गुनात. मी वडशाहून बसने येत होतो. त्या तीन रांगा पुढे, खिडकीशी बसल्या होत्या, हात कमरेच्या घडीवर. मी ओळख दिली. त्यांनी मान हलवली. कुठे निघाल्या ते विचारलं, तर पुढच्या एका गावाचं नाव सांगितलं. तिथे कोणाकडे तरी पेटी होती. आता त्या खात्याच्या नव्हत्या, म्हणून लोक त्यांना घरी बोलवत.

पळसाच्या रानाजवळ बस थांबली. पुढे ट्रक, जीपगाड्या, दोन रुग्णवाहिका. कंडक्टर चौकशी करून आला. मान्यवर येणार आहेत, ताफा जाईपर्यंत रस्ता बंद. कोण मान्यवर, असं कोणीतरी विचारलं. त्याने नाव सांगितलं, ते राणी वाटपाला आलेल्या पाहुण्यांचंच होतं. मी पार्बताबाईंकडे पाहिलं.

"भाऊ, किती वाजले?" त्यांनी मागे वळून विचारलं.

"चार वाजून दहा मिनिटं."

"कवा येते तो?"

हवालदाराने अर्धा तास सांगितला होता. मी तसं सांगितलं.

"मंग नाई येत," त्या म्हणाल्या आणि उठल्या. कमरेवरचा हात त्यांनी काढला नाही, एकाच हाताने दांडी धरत उतरल्या. मीही दारापर्यंत गेलो. म्हणालो, गाव इथून चार किलोमीटर आहे, पुढे एखाद्या पोराची गाडी मिळते का पाहतो, मी येतो सोबत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जवळ आल्या आणि नाक आक्रसलं.

"नोका येऊ, भाऊ," त्या म्हणाल्या. "पाऊण तास हाय चालाले. होते."

लाखोळीचं पीक निघालेल्या रिकाम्या बांध्यांच्या धुऱ्यावरून त्या सरळ चालत गेल्या. घाईत होत्या, पण धावत नव्हत्या, कारण धावलं की घाम येतो. पळसाच्या रानाशी त्या दिसेनाशा झाल्या तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

ताफा सहा वाजून पाच मिनिटांनी गेला. एकूण अकरा गाड्या होत्या. दिवस मावळत होता. पहिल्या गाडीतून मान्यवरांनी थांबलेल्या लोकांना हात केला, आणि बसमधल्या तिघा-चौघांनी उलट हात केला. त्यांत एक मी होतो.